वायुनौकांच्या शर्यतीत चुरस कशामुळे येते?

प्रश्न : मी एका काल्पनिक जगावर कादंबरी लिहीत असून त्या जगात दरवर्षी वायुनौकांची शर्यत भरते. सर्वांत वेगवान इंजिन असणारा जिंकतो, असे लिहिले की उत्कंठाच उरत नाही. प्रत्यक्षात अशी एखादी वार्षिक शर्यत आहे का, आणि तिच्यात चुरस कशाची असते?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्याला उपयोगी पडेल अशी शर्यत आहे, मात्र तिच्यात इंजिनच नसते. गॉर्डन बेनेट चषकाची पहिली शर्यत 30 सप्टेंबर 1906 रोजी पॅरिसच्या त्विलेरी बागेतून सुटली आणि तीत वायूने भरलेले 16 बलून उतरले होते. सुटल्या ठिकाणापासून सरळ रेषेत जो सर्वांत दूर उतरेल तो विजेता, एवढाच मूळ नियम. वारा त्या दिवशी समुद्राकडे नेत होता, त्यामुळे अनेकांनी फ्रान्समध्येच उतरणे पत्करले. अमेरिकेच्या फ्रँक लाम यांनी मात्र इंग्लिश खाडी ओलांडून इंग्लंडमधील यॉर्कशायरपर्यंत 647 किलोमीटरचे अंतर कापले आणि चषक जिंकला.

चुरस असते ती साठ्याची. बलूनला सुकाणू नसते. पण वेगवेगळ्या उंचीवर वाऱ्याची दिशा आणि वेग वेगळा असतो, म्हणून बलूनपटू वरखाली होत आपल्याला हवा तो वारा शोधतो. वर जायचे तर वजनासाठी सोबत घेतलेली पिशव्यांमधील वाळू टाकावी लागते, खाली यायचे तर झडप उघडून वायू सोडावा लागतो, आणि या दोन्ही गोष्टी एकदा गेल्या की परत मिळत नाहीत. त्यात दिवसा उन्हाने तापलेला वायू प्रसरण पावून खालच्या तोंडातून थोडाथोडा निसटतो, रात्री उरलेला वायू थंड होऊन आकसतो आणि बलून खचू लागतो. तो सावरायला पुन्हा वाळू टाकावी लागते. प्रत्येक रात्रीची किंमत अशी वाळूत मोजली जात असल्यामुळे, आज चांगला वारा गाठण्यासाठी दोन पिशव्या रिकाम्या कराव्यात की उद्याच्या रात्रीसाठी राखाव्यात, हा निर्णय अंधारात, झोपेविना घ्यावा लागतो. माझ्या मते आपल्या कथेचे मर्म येथेच आहे. जादूच्या जगातही नौकेला वर ठेवणारी वस्तू मोजकी आणि न भरून येणारी ठेवावी.

धोकाही खराच असतो. 1908 मध्ये बर्लिनहून निघालेला स्वित्झर्लंडचा ‘हेल्व्हेशिया’ 73 तासांनी नॉर्वेजवळ समुद्रात उतरला, आणि 1995 च्या शर्यतीत बेलारूसने एक बलून पाडल्याने दोन अमेरिकी स्पर्धक मृत्युमुखी पडले.

इंजिन हवेच असेल, तर ब्राझीलचे वायुनौकापटू साँतोस-द्युमाँ यांचे 1901 मधील उड्डाण अभ्यासावे. पारितोषिकासाठी पॅरिसजवळच्या सँ-क्लूहून आयफेल मनोऱ्याला वळसा घालून तीस मिनिटांत परतण्याची अट होती. ते वेळेत अंतिम रेषेवरून पुढे गेले, परंतु नौकेचा दोर जमिनीवर पकडला जाईपर्यंत अर्धा तास उलटून गेला होता, आणि घड्याळ नेमके केव्हा थांबवायचे यावरून वाद पेटला; अखेर पारितोषिक त्यांनाच मिळाले. आपल्या शर्यतीच्या नियमातही अशी एक फट मुद्दाम ठेवावी आणि ती शेवटच्या प्रकरणापर्यंत कोणत्याही पात्राच्या लक्षात येऊ देऊ नये.