शेवटचं पान फाड

प्रिय बाय,

तुझी गोष्ट दोनदा वाचली. दुसऱ्यांदा पडवीत बसून, हातात पेन्सिल घेऊन. बर्फाच्या जाड थराखाली अख्खा समुद्र, आकाश कधीच न पाहिलेले ते जीव आणि वरचा बर्फ करकरला की ‘ओढ बदलली’ म्हणून सांगणारी ती म्हातारी! किनाऱ्यावरून जाळं ओढणारा आपल्याकडचा जुना रापणकार पाण्याकडे नुसतं बघून भरती सांगतो, तशीच ती मला दिसली. गुरूच्या युरोपा या चंद्राचा बर्फ भरती-ओहोटीच्या ताणानेच तडकतो, हे तू वर्गात शिकलीस आणि त्यातून ही बाई उभी केलीस. चोवीस पानं मी हललो नाही.

पंचविसाव्या पानावर माणसांचं यान येतं, बर्फात खुरीस, म्हणजे क्रूस, उमटतो आणि सगळे जीव गुडघे टेकतात. मी पेन्सिल खाली ठेवली. तिथे म्हातारी एक शब्दही बोलत नाही. चोवीस पानं जिने आम्हाला धरून ठेवलं, तिला तू गप्प केलंस. कशासाठी, ते तुझ्या पत्रावरून कळलं: आईला बरं वाटावं, वाडीतल्या लोकांनी नावं ठेवू नयेत.

श्रद्धा टिकेल का, असं विचारतेस. त्यावर मी काही लिहिणार नाही. मे महिन्यात लदिनीच्या प्रार्थनेला वाऱ्याने विझणारी मेणबत्ती हाताच्या आडोशाने पुन्हा पुन्हा लावताना मी तुला पाहिलंय. माझं भांडण त्या पानाशी आहे. ती खोटी साक्ष आहे. खोटी साक्ष देऊ नकोस, ही आज्ञा शेजाऱ्याबाबत जेवढी लागू, तेवढीच देवाबाबतही. बायबलमधला ईयोब आपल्या मित्रांना हेच विचारतो: देवाची बाजू घ्यायची म्हणून तुम्ही कपटाने बोलणार का? जेवढं ठाऊक, तेवढीच साक्ष.

हे मी कुठे शिकलो, ते आता सांगतो. तरुणपणी मी धर्मशिक्षणाचा वर्ग घ्यायचो. त्या काळी एक पत्रक हातोहात फिरत होतं: नासाच्या संगणकाला काळाच्या हिशोबात एक दिवस कमी सापडला आणि तो बायबलमधल्या यहोशवाच्या दिवसाशी, गिबोनावर सूर्य थांबला त्या दिवसाशी, बरोबर जुळला. मी विज्ञानाचा शिक्षक. मला तर सोन्याची खाणच मिळाली. सणाच्या आदल्या दिवशी वर्गात रंगवून सांगितलं. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, “सर, मोजायला सुरुवात कुठून केली? एक दिवस कमी आहे हे कळायला एकूण किती हवेत, ते आधी ठाऊक नको?”

प्रश्न बिनतोड होता. मला त्याच क्षणी कळलं. आणि मी त्याला म्हटलं, “थॉमससारखा शंकेखोर होऊ नकोस.” सगळा वर्ग हसला. तो पुन्हा वर्गाला आला नाही. आता जहाजावर असतो, सुट्टीत भेटला की वाकून नमस्कार करतो, पण देवळाची पायरी चढत नाही. असं काहीही घडलेलं नाही, हे नासानेच सांगितल्याचं मी पुढे वाचलं. पण मला नासाच्या खुलाशाची गरज नव्हती. त्या मुलाने दोन वाक्यांत सगळं सांगितलं होतं.

पुढे मी वर्गात उभं राहून चूक कबूल केली. पालक बिथरले, मुलांच्या मनात शंका पेरतो म्हणून माझा वर्ग काढून घेतला. पालकांशी आधी घरोघरी जाऊन बोलायला हवं होतं, असं लोक अजून म्हणतात. असेल. पण गोष्ट मी सगळ्यांसमोर सांगितली होती, मग ती परत कानात कुजबुजून घ्यायची? मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

जॉर्ज लमेत्र यांचं बघ. धर्मगुरू, आणि विश्व प्रसरण पावतंय हे 1927 साली समीकरणांतून मांडणारा शास्त्रज्ञ. 1951 मध्ये खुद्द पोप पायस बारावे यांनी विश्वाच्या आरंभाचं हे शास्त्र निर्मात्याच्या बाजूने उभं केलं, तेव्हा इतर कुणी असता तर हुरळून गेला असता. लमेत्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धान्त धार्मिक प्रश्नाच्या बाहेरचा आहे, ही त्यांची भूमिका होती. रोज मिस्सा करणारा माणूस हा! आपल्या समीकरणातून जेवढं निघतं, तेवढीच साक्ष त्याने दिली.

आणि दुसरी जगं कल्पिणं पाप, हे तुला कुणी सांगितलं? 1277 साली पॅरिसच्या बिशपांनी 219 विधानं निषिद्ध ठरवली. त्यांत एक होतं: देव एकाहून जास्त जगं निर्माण करू शकत नाही. ॲरिस्टॉटलच्या शिकवणीतून आलेलं हे मत. दुसरी जगं आहेत असं बिशप म्हणाले नाहीत. देवाला ती करताच येणार नाहीत असं म्हणू नका, एवढंच. वाडीत कुणी टोकलं तर हे शांतपणे सांग, वाद घालू नकोस.

शाळेच्या सहलीत मी तुम्हाला विजयदुर्गावर साहेबाचे ओटे, ग्रहण पाहण्यासाठीचे ते चौथरे, दाखवले, तेव्हा तू माझ्यावर रुसली होतीस, आठवतं? हेलियम इथेच सापडला असं सगळे सांगतात आणि सरच नाही म्हणतात! 18 ऑगस्ट 1868 च्या ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन होते गुंटूरला. ज्या पिवळ्या रेषेवरून हेलियम ओळखला गेला, ती सूर्यप्रकाशातली रेषा इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयर यांना ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये दिसली. विजयदुर्गला ते आले 1898 च्या ग्रहणासाठी. किल्ल्याला त्याने काय कमीपणा आला? जे घडलं तेच केवढं मोठं आहे!

म्हणून ते पान फाड. खोडू नकोस, फाड. खोडलेलं पुन्हा वाचावंसं वाटतं. त्या जीवांना तारण हवं की नको, त्यांच्यासाठी देवाने काय योजलंय, हे मला ठाऊक नाही आणि तुलाही नाही. माणसांच्या यानातून येशूचं नाव घेणारी एखादी बाई येऊ दे की! तिला घाबरू दे, चुकू दे, प्रार्थना करू दे. ते तुला आतून माहीत आहे. पण म्हातारीला गुडघे टेकायला लावू नकोस. वर कधी नव्हे असा तडा जातो, पाण्यात पहिल्यांदा उजेड शिरतो. त्या क्षणी तिला काय ऐकू येतं? तिथून लिही. दिवाळीत येशील तेव्हा वही घेऊन ये, मी पडवीतच असेन.

तुझे,
सर