काचेतून हात आत घालायचा नाही

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी केज तालुक्यातली. हे पत्र पुतणीकडून लिहून घेतेय. आम्ही नवराबायकोनं पंधरा वर्षं कोयता घेऊन कारखान्याला जाऊन लेकरं शिकवली. थोरला पोलिसात लागला, धुळे-सोलापूर हायवेच्या एका नाक्यावर असतो. दिवाळीआधी एका रात्री एका पिकअपवाल्यानं त्याला फरफटत नेलं. खांदा निखळला. कामावर परत गेला तेव्हापासून पोरगं बदललंय. रात्र रात्र मोबाईलवर अमेरिकेतल्या पोलिसांचे व्हिडिओ बघतो आणि म्हणतो, "आई, आता आधी काठी, मग बोलणं." धाकटा उसाचा ट्रॅक्टर चालवतो, त्याच रस्त्यानं. मी कुणासाठी घाबरू?

उत्तर : आक्का, थोरल्याला आधी एवढंच विचारा : पिकअप सुटली तेव्हा तुझा हात कुठं होता? मला खात्री आहे, काचेतून आत, किल्लीवर.

मी खात्यात 31 वर्षं काढली, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. त्यातली बरीच वर्षं वाहतूक शाखेत गेली. माझ्या डोळ्यांदेखत दोन जवान फरफटले, दोघांचाही हात किल्ली काढायला आत गेलेला होता. ड्रायव्हर घाबरून क्लच सोडतो, हात स्टिअरिंगमध्ये अडकतो आणि मग कितीही ताकदीचा गडी असला तरी गाडीपुढं काय करणार? नव्या पोरांना मी पहिल्याच दिवशी सांगायचे, काचेतून हात आत घालायचा नाही. गाडी बंद करायला तोंडानं सांगायचं. इंजिन बंद झाल्याचं कानांनी ऐकायचं, मगच लायसन्स मागायचं. नाहीच केली बंद, तर दोन पावलं मागं सरकायचं.

दुसरी गोष्ट उभं राहण्याची. आपल्याकडं ड्रायव्हर उजवीकडं बसतो. गाडी डाव्या कडेला घेतली की त्याची खिडकी रस्त्याकडं येते. तिथं उभं राहून कागद बघितले तर मागून येणाऱ्या कंटेनरकडं आपली पाठ. म्हणून क्लीनरच्या बाजूनं जायचं, दाराच्या जरा मागं थांबायचं, म्हणजे दार अंगावर उघडत नाही आणि आतल्यांचे हात दिसतात. गाडीसमोर कधीच उभं राहायचं नाही. ट्रकच्या मागं तर अजिबात नाही. चढावर ट्रक मागं सरकतो, ड्रायव्हरला पत्ताही नसतो. मांजरसुंब्याच्या घाटासारख्या ठिकाणी वळणाच्या तोंडाशी गाडी अडवणं म्हणजे आपणच अपघात मांडून ठेवणं. आणि गाडी थांबण्याआधीच तिचा नंबर जोडीदारानं मोठ्यानं वाचून कागदावर घ्यायचा. नंबर हातात असला की पळणाऱ्यामागं धावावंसं वाटत नाही. पुढच्या नाक्याला वायरलेस जातो, ई-चलन घरी जातं. गेली तर जाऊ द्यायची, आक्का. यात पोलिसाची इज्जत जात नाही, हे मला पटायलाच दहा वर्षं लागली.

आता ते व्हिडिओ. तिथल्या पोलिसाला गाडीत बंदूक असेल ही भीती असते, कारण तिथं ती खरोखर कितीतरी घरांत आहे. ड्रायव्हरला खाली उतरवायची मुभा तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 1977 साली दिली ती याच भीतीपोटी. पण व्हिडिओत न दिसणारी गोष्टही त्याला सांगा. त्याच न्यायालयानं 1985 मध्ये म्हटलं, माणूस नुसता पळतोय म्हणून त्याला गोळी घालता येणार नाही. त्याच्यापासून कुणाच्या जिवाला मोठा धोका आहे असं मानायला सबळ कारण लागतं. तो खटला मेंफिस शहरातल्या 15 वर्षांच्या एका पळणाऱ्या मुलाचा होता. आपल्या नाक्यावर कमरेला बंदूक घेऊन कोण येतं? इथला धोका म्हणजे खुद्द गाडी. वाळूचा हायवा, दारू प्यालेला जीपवाला, अंधारात लाइट बंद करून येणारी मोटारसायकल. त्यांच्यापुढं अमेरिकेची नक्कल कामाची नाही.

काठीचं मी सविस्तर लिहिते, कारण ती माझ्या अंगावर शहारा आणते. एका येळवशीच्या (वेळ अमावास्येच्या) संध्याकाळी आमच्या नाकाबंदीत एक मोटारसायकल थांबली नाही. शेतातून भज्जी-आंबील खाऊन निघालेली माणसं, मागं बसलेल्या बाईच्या मांडीवर डबे. माझ्या सोबतच्या जवानानं चालत्या गाडीवर काठी फिरवली. चालवणारा वाकला, गाडी कलंडली, बाई डोक्यावर पडली. तिच्यासोबत दवाखान्यात मी गेले. आंबिलीचं गाडगं फुटून माझ्या वर्दीवर सांडलं होतं, तो वास रात्रभर नाकात होता. बाई वाचली, पण पुढं तिला घरचं माणूस पटकन ओळखू येईना. त्यांचा गुन्हा काय, तर हेल्मेट नव्हतं. त्या जवानाला मी वाईट म्हणणार नाही. आठवड्यापूर्वी त्याच्याच मित्राला एका जीपनं उडवलं होतं. तुमचा लेक आज त्याच जागी उभा आहे, म्हणून हे लिहिताना मला घाई होतेय.

कायदा यात स्पष्ट आहे. जुन्या सीआरपीसीच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 43 प्रमाणं, अटक करताना माणूस जोरानं विरोध करत असेल तर पोलिसाला आवश्यक ते उपाय करता येतात. कलम 46 सांगतं, पळू नये यासाठी लागेल त्यापेक्षा जास्त जखडायचं नाही. हेल्मेट नसलेल्या माणसाच्या पाठीवर काठी घालणं यातल्या कशातच बसत नाही. उलट कुणी हल्ला केला तर स्वतःचा, जोडीदाराचा बचाव करायचा हक्क वर्दीतल्या माणसालाही आहे, तोही बचावापुरता. हल्ला करणाऱ्यासाठी भारतीय न्याय संहितेत (जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या) 121 आणि 132 ही कलमं आहेतच.

आणि धोका संपला असं वाटतं तेव्हाच पाठ सांभाळायची असते. 2016 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत खारला हवालदार विलास शिंदे यांनी हेल्मेट नसलेल्या एका अल्पवयीन मुलाला अडवलं. त्यानं मोठ्या भावाला बोलावून घेतलं आणि त्या भावानं शिंदेंच्या डोक्यावर मारलं. 31 ऑगस्टला ते गेले. जीव घेणारा माणूस थांबवलेल्या गाडीवर नव्हताच, तो नंतर आला. कुणी फोन लावून "थांबा, दाखवतो" म्हणालं की एकानं कागद बघायचे, दुसऱ्यानं फक्त येणारी माणसं बघायची. नाक्यावर एकट्याला ठेवत असतील तर तुमच्या लेकानं ते साहेबांना लेखी कळवावं. तोंडी सांगितलेलं हवेत जातं.

राहिलं त्याच्या मनाचं. पोलिसात "मी घाबरलो" म्हणायची सोय नाही, म्हणून पोरं "आधी काठी" म्हणतात. खांदा बसला तरी ती रात्र बसलेली नाही. त्यानं साहेबांकडं काही आठवडे ठाण्यातली ड्युटी मागावी, जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांना भेटावं. यात कमीपणा नाही. तुम्ही त्याला "काठी मारू नको" असं एकदम म्हणू नका, तो ऐकणार नाही. त्या रात्री काय काय झालं ते त्याच्याकडून पहिल्यापासून ऐका, मध्ये बोलू नका.

धाकट्याला सांगा, दोन्ही ट्रॉल्यांना मागं लाल चमकपट्टी हवी, आणि गाण्याचा आवाज एवढा नको की शिट्टी ऐकू येणार नाही. नाक्यावर ट्रॅक्टर बंद करून, हात दिसतील असा बसून राहा म्हणावं. समोरचा पोलीसही कुणाच्या तरी आईचा घाबरलेला लेक असू शकतो, हे त्याला तुमच्याइतकं कोण सांगणार.

प्रश्न : मी 19 वर्षांचा, लातूरला शिकतो. लायसन्स खोलीवर राहिलं होतं. चौकात नाकाबंदी बघून गाडी वळवली तर मागून मनगटावर काठी बसली. हाड मोडलं. तक्रार केली तर मलाच अडकवतील का?

उत्तर : बाळा, वळवलीस ते चुकलं. लायसन्स डिजिलॉकरमध्ये असतं तर तेवढंच दाखवून भागलं असतं, आजच ते करून घे. पण त्या चुकीला दंड आहे, हाड मोडणं ही शिक्षा कुठल्याच कलमात नाही.

सरकारी रुग्णालयात काठीच्या माराचं कारण सांगून एमएलसी, म्हणजे पोलीस प्रकरण म्हणून होणारी दवाखान्यातली नोंद, करून घे. खासगीत प्लास्टर घातलं असेल तर तिथले एक्सरे सोबत ने. मग ठाण्यात लेखी तक्रार दे. घेतली नाही तर तीच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 खाली पोलीस अधीक्षकांना पोस्टानं पाठवता येते. हाड मोडलंय, त्यामुळं राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडंही जाता येईल. सगळ्यात आधी मात्र चौकातल्या कॅमेऱ्याचं त्या वेळेचं चित्रण जपून ठेवावं असा अर्ज कर, कारण जुन्यावर नवं चढत जातं. अर्जात आपली चूक लपवू नकोस, गाडी वळवली तेही लिही. खरं लिहिलेला अर्ज वाचणाऱ्याला लगेच कळतो, मी असे पुष्कळ वाचले आहेत. प्रत्येक कागदाची पोहोच तारीख-शिक्क्यासह घे. आणि जाताना गाडी मित्राला चालवू दे, त्याच्याकडं लायसन्स आहे ना ते बघून.