नाणं की बिल्ला? चिनी खेळांच्या स्मारक नाण्यांबद्दल

प्रश्न: मुलाने ऑनलाइन बेजिंग ऑलिम्पिकचं नाणं मागवलं. एका बाजूला रंगीत चित्र, मुलं पायाने पिसांचं फूल उडवताहेत. 1 औंस चांदी म्हणून विकलंय, डबी आणि प्रमाणपत्रही आहे. खरं कसं ओळखायचं?
(एक वाचक, प्रतापनगर)

उत्तर: आधी डबी आणि प्रमाणपत्र बाजूला ठेवा. दोन्हीची नक्कल करायला कागद आणि छापखाना पुरतो, नाण्याची करायला धातू लागतो.

ही नाणी 2006 ते 2008 दरम्यान तीन टप्प्यांत निघाली. चांदीच्या नाण्यांवर कुठे मुलांचे गल्लीतले खेळ आहेत, कुठे सिंहनृत्यासारखी लोककला. तुमच्या नाण्यावरच्या फुलाच्या बुडाशी वजनदार चकती असते. पूर्वी तिथे चौकोनी भोकाचं जुनं नाणंच बसवत आणि पिसं त्या भोकातून ओवत.

पहिली खूण दर्शनी किमतीची. खऱ्या नाण्यावर 10 हा आकडा आणि शेजारी युआन या चिनी चलनाचं अक्षर असतं: वर दोन आडव्या रेघा, खाली दोन पाय, उजव्या पायाचं टोक वर वळलेलं. किंमतच नसेल तर तो बिल्ला आहे, मग चांदी कितीही शुद्ध असो.

दुसरी गोष्ट वजन. व्यास 40 मिमी आणि वजन 31.1 ग्रॅम (चांदीचा 1 औंस) हवं. मुलामा दिलेलं तांबं-निकेलचं नाणं त्याच मापात केलं तर साडेसव्वीस ग्रॅमच्या आसपास भरतं. वजन जुळवायचं तर जाडी वाढवावी लागते आणि नाणं कॅप्सूलमध्ये, म्हणजे त्याच्या पारदर्शक कडक डबीत, नीट बसत नाही. नागपूरच्या इतवारीत सराफाच्या काट्यावर तोलून घ्या, पण कसोटीच्या दगडावर घासू देऊ नका. एक ओरखडा पडला की संग्राहकाच्या लेखी ती नुसती चांदी उरते. एक्स-रे यंत्रावरही पूर्ण भिस्त नको, ते वरचा थरच वाचतं आणि जाड मुलामा त्यात पास होतो.

त्यापेक्षा पाण्याची परीक्षा चांगली. मिलिग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर डिस्टिल्ड पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा, तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. वजन 31.1 ग्रॅम भरलेलं असताना काटा 2.96 ग्रॅमच्या जवळ थांबला तर घनता चांदीची. 3.5 च्या आसपास गेला तर तांबं-निकेल समजा. नाण्याला बुडबुडा चिकटला तर आकडा वाढतो आणि खरं नाणंही खोटं ठरतं, म्हणून आधी हलकेच हलवून घ्या. मिनिटभरात बाहेर काढून मऊ सुती कापडाने टिपा, पुसू नका.

शेवटी 10 पट भिंग. रंग उठावाच्या कडेला नेमका थांबलेला दिसला पाहिजे. मुलाच्या गालाचा गुलाबी रंग केसांत सांडलेला दिसला तर संशय घ्या.

प्रश्न: माझं 2019 चं चिनी चांदीचं नाणं 30 ग्रॅमच भरलं. फसलो का?
(एक वाचक, महाल)

उत्तर: नाही. 2016 पासून चीनने ही नाणी औंसाऐवजी ग्रॅममध्ये काढायला सुरुवात केली, त्यामुळे 1 औंसाच्या जागी 30 ग्रॅम आले. उलट 2008 चं ऑलिम्पिक नाणं 30 ग्रॅम भरलं तर विकणाऱ्याला जाब विचारा.

प्रश्न: तलवारनृत्याचं चिनी नाणं लोहचुंबकाला चिकटतं. खोटं ना?
(एक वाचक, सक्करदरा)

उत्तर: 1990 च्या बेजिंग आशियाई खेळांचं 1 युआनचं असेल तर चिकटायलाच हवं. ते निकेलचा थर दिलेल्या पोलादाचं आहे. जोडीचं नाणं तिरंदाजीचं. चांदीचं म्हणून कुणी गळ्यात मारलं असेल तर खोटेपणा नाण्याचा नव्हे, विक्रेत्याचा. स्वस्तात सुरुवात करायची तर 1980 ची 1 युआनची पितळी नाणीही बघा. त्यांवर प्राचीन फुटबॉल, कुस्ती, तिरंदाजी आणि घोडेस्वारी आहे. आमच्या मते रंगीत चांदीपेक्षा त्यांचं कोरीवकाम सरस आहे.

प्रश्न: उन्हाळ्यात नाण्यांवर हिरवट चिकट थर आला. कशाने पुसू?
(एक वाचक, धरमपेठ)

उत्तर: हा मऊ प्लास्टिकच्या पाकिटांचा प्रताप. नव्या रेक्झिनसारखा वास येणारं पाकीट पीव्हीसीचं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला की त्यातून मऊपणासाठी घातलेलं रसायन पाझरतं आणि आम्लही सुटतं. बिनरंगाचं नाणं शुद्ध ॲसिटोनमध्ये काही मिनिटं बुडवून काढा, घासू नका. रंगीत नाण्याला मात्र ॲसिटोन लावायचंच नाही, थराबरोबर चित्रही जाईल. चिंच आणि भांड्यांची पावडर दोन्हींना वर्ज्य.

चांदीवरचे दुधाळ पांढरे डाग वेगळे. ते बहुधा टाकसाळीतच नाणं धुताना राहिलेल्या रसायनामुळे पडतात. त्यांना हात लावू नका, डागापेक्षा साफसफाईने किंमत जास्त उतरते.

पाकिटं पॉलिएस्टरची घ्या नाहीतर कडक कॅप्सूल वापरा. रबरबँड, वर्तमानपत्र आणि लोकर जवळ नको, त्यातल्या गंधकाने चांदी काळवंडते. कपाट पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला लावू नका, आणि कूलरच्या खोलीत तर मुळीच नको. खसाचा गारवा आपल्याला बरा वाटतो, पण दमट हवा चांदीला बाधते. डब्यात निळ्या सिलिका जेलची पुडी टाका. दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर तापवून, थंड करून परत ठेवा.