‘लाइफटाइम’ म्हणजे नक्की कुणाची हयात?

वाचकांचे प्रश्न : शाळेतले डिजिटल साहित्य आणि त्याचे करार

प्रश्न : आमची सातवीपर्यंतची जिल्हा परिषद शाळा. मार्चमध्ये लोकवर्गणीतून डिजिटल अभ्यासक्रमाचे सॉफ्टवेअर घेतले. बिलावर ‘लाइफटाइम लायसन्स’ असे लिहून आहे. ऑगस्टमध्ये लाइन कमी-जास्त झाली आणि कॉम्प्युटरचा मदरबोर्ड जळाला. बोर्ड नवा टाकला, तर आता ‘की’ (सॉफ्टवेअर चालू करायचा सांकेतिक क्रमांक) चालत नाही. विक्रेता नव्या लायसन्सचे पैसे मागून राहिला आहे. एकदा विकत घेतलेले पुन्हा घ्यायचे का? शिवाय करार चौदा पानी इंग्रजी आहे, त्यात वाचायचे तरी काय?
– मुख्याध्यापक, ता. दर्यापूर

उत्तर : सर, तुम्ही सॉफ्टवेअर विकत घेतलेलेच नाही, गोम तिथेच आहे. शेत विकत घेणे वेगळे आणि मक्त्याने करणे वेगळे. तुमच्या हाती आला तो वापरण्याचा परवाना, आणि त्याच्या अटी बिलावर नसून करारात आहेत. ‘लाइफटाइम’चा अर्थ कराराच्या सुरुवातीच्या व्याख्यांमध्ये शोधा. ही हयात शाळेची क्वचितच असते. कुठे ती त्या यंत्राची असते, तर कुठे कंपनी ते उत्पादन चालू ठेवील तेवढीच.

तुमचा परवाना यंत्राला बांधलेला दिसतो. पहिल्यांदा ‘की’ टाकली की असे सॉफ्टवेअर मदरबोर्ड, हार्ड डिस्क वगैरेंचे ओळख क्रमांक वाचते आणि ‘की’ त्यांच्याशी जोडून ठेवते. बोर्ड बदलला की त्याच्या लेखी तो दुसराच कॉम्प्युटर. म्हणून करारात ‘ट्रान्सफर’ किंवा ‘रीअ‍ॅक्टिव्हेशन’ असा शब्द कुठे आहे ते आधी पाहा. अनेक करारांत परवाना एक-दोनदा दुसऱ्या यंत्रावर हलवण्याची मुभा असते, मात्र आधी जुन्या यंत्रावरून तो काढून टाकायचा असतो. जळालेल्या बोर्डावरून तो काढणार कसा? अशा वेळी कागद कामी येतात. दुरुस्तीवाल्याकडून जुन्या आणि नव्या बोर्डाचे क्रमांक घालून सही-शिक्क्याचे पत्र घ्या. बिलाची प्रत, ‘की’ आणि शाळेचा यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) जोडून ईमेल करा, पण तो विक्रेत्याला नको, कंपनीच्या मदत विभागाला करा. विक्रेत्याचा फायदा नव्या विक्रीत असतो. ‘की’ मोकळी करून देणे कंपनीच्या हाती असते. लेखी उत्तर येईपर्यंत एक रुपयाही देऊ नका.

चौदा पाने सगळी वाचायची गरज नाही. परवाना कशावर मोजला आहे ते आधी बघा : यंत्रावर, नावावर, की एका वेळी चालवणाऱ्यांच्या संख्येवर. टॅब्लेट पंचवीस आणि परवाना ‘एका वेळी दहा’ असेल तर अकराव्या मुलाला पडद्यावर नुसता निरोप दिसेल. मास्तर मात्र वायफायला दोष देत बसतील.

मुदतीच्या कलमात आपल्याकडचा पैसा सर्वांत जास्त वाया जातो. निधी मार्चअखेर खर्ची पडतो आणि वार्षिक परवान्याचे वर्ष बऱ्याचदा बिलाच्या तारखेपासून धावू लागते. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्यात किंवा थेट १ जुलैला उघडतात. समजा, परवाना वर्षाला १८,००० रुपयांचा आहे, म्हणजे महिना १,५०० रुपये. मार्चच्या शेवटी घेतला तर एप्रिलमधल्या थोड्या तासिका सोडल्या तर जूनअखेरपर्यंतचे जवळपास ४,५०० रुपये कुलूपबंद खोलीत गेले. बिल मार्चचेच राहू द्या, पण करारात ‘मुदत प्रत्यक्ष सक्रिय केल्याच्या तारखेपासून’ असे लिहून घ्या आणि सक्रिय जुलैत करा. हे बिनदिक्कत मागा, यात विक्रेत्याचे काही जात नाही.

पुस्तक बदलले तर काय, हेही विचारा. २०२५-२६ पासून पहिलीचा अभ्यासक्रम बदलला आणि पुढच्या इयत्तांचेही बदल रांगेत आहेत. नव्या पुस्तकांप्रमाणे पाठ त्याच किमतीत बदलून मिळणार नसतील तर तुमचा ‘लाइफटाइम’ जुन्या पुस्तकाएवढाच. ‘ऑटो रिन्युअल’, म्हणजे मुदत संपताच आपोआप नूतनीकरण, हे कलम खोडून घ्या. वाद परराज्यातल्या न्यायालयातच चालेल असे कलम असेल तर तुमचा जिल्हा घालून मागा. मिळेलच असे नाही, पण मागून पाहायला हरकत नाही. आणि पुढच्या खरेदीत हे वाक्य हवेच : ‘यंत्र बिघडल्यास किंवा बदलल्यास परवाना विनाशुल्क नव्या यंत्रावर हलवून मिळेल.’

प्रश्न : बालभारतीच्या पीडीएफमधले दोन पाठ, स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरच्या तीन गोष्टी, विकिपीडियावरची माहिती आणि गूगलवरची चित्रे घेऊन मी तिसरीची वाचनपुस्तिका केली. एक गोष्ट गोंडीतही केली आहे. आमच्या केंद्रातल्या (जवळच्या शाळांच्या गटातल्या) बाकी शाळांना झेरॉक्सच्या खर्चात, २० रुपयांना द्यायची आहे. सगळे फुकट मिळालेले आहे, तर अडचण यायला नको ना?
– सहायक शिक्षिका, ता. मूल

उत्तर : मॅडम, फुकट मिळणे म्हणजे मोकळे असणे नव्हे. बालभारतीच्या कोणत्याही पुस्तकाचे सुरुवातीचे पान उघडा. हक्क पाठ्यपुस्तक मंडळाकडे आहेत आणि संचालकांच्या लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग उद्धृत करता येणार नाही, असे तिथे छापलेले असते. पीडीएफ फुकट उतरते म्हणून ही ओळ रद्द होत नाही. तरी स्वतःच्या वर्गापुरते घाबरू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२ मध्ये शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने शिकवण्याच्या ओघात केलेल्या प्रतीला सवलत आहे. विद्यार्थ्यांना पुस्तकांतल्या भागांच्या झेरॉक्स देण्यावरून झालेल्या दिल्ली विद्यापीठाच्या प्रकरणात २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या सवलतीचा अर्थ बराच मोकळा लावला. पण किंमत छापून केंद्रभर वाटायची पुस्तिका या सवलतीच्या पार कडेला जाते. ते दोन पाठ काढा आणि ‘पाठ्यपुस्तकातला अमुक पाठ वाचा’ एवढीच ओळ ठेवा. पुस्तक मुलांकडे आहेच.

स्टोरीवीव्हरवरच्या गोष्टी सहसा सीसी बाय ४.० परवान्याखाली असतात. ‘सीसी’ म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, काही अटींवर वापराची मुभा आधीच देऊन ठेवणारे परवाने. छापा, बदला, गोंडीत करा, विकली तरी चालेल, फक्त श्रेय द्या आणि बदल केला असेल तर तसे सांगा. ‘बाय’ म्हणजे श्रेय. पुढे ‘एनसी’ असेल तर व्यापारी वापर नाही. ‘एनडी’ असेल तर फेरफार करून वाटता येत नाही आणि अनुवाद हाही फेरफारच, मग गोंडी आवृत्ती बाद. ‘एसए’ असेल तर तुम्ही केलेली नवी आवृत्तीही त्याच परवान्याखाली द्यावी लागते. विकिपीडियाचा मजकूर सीसी बाय-एसए ४.० आहे. तो आणि ‘एनसी-एसए’चा मजकूर कालवून एकच पाठ करता येत नाही, कारण दोन्ही परवाने आपापली अट नव्या पाठावर लादतात आणि त्या जुळत नाहीत. एका पुस्तिकेत वेगवेगळ्या पानांवर, आपापल्या खुणेसह ठेवलेत तर चालते.

श्रेयाची ओळ अशी असावी : ‘गोष्टीचे नाव, लेखक, चित्रकार, स्टोरीवीव्हर (प्रथम बुक्स), सीसी बाय ४.०, गोंडी अनुवाद : आमची शाळा.’ मूळ पानाचा दुवाही द्या. ‘साभार : इंटरनेट’ हे श्रेय नव्हे. तसे लिहिणे म्हणजे कपाशी कुणाच्या वावरातली हे विचारल्यावर ‘तालुक्यातली’ म्हणणे.

गूगल चित्रांची मालक नाही, ती फक्त दाखवते. चित्रे शोधताना ‘टूल्स’मध्ये ‘यूसेज राइट्स’, त्यात ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ निवडा आणि तरीही मूळ पानावर जाऊन परवाना तपासा. सोपा उपाय म्हणजे चित्रे मुलांकडूनच काढून घ्या.

प्रश्न : गावात नेटवर्क नाही. यूट्यूबवरचे व्हिडिओ तालुक्याला उतरवून पेन ड्राइव्हवर आणले तर?
– शिक्षक, ता. धारणी

उत्तर : इथे दोन गोष्टी एकमेकींवर चढलेल्या आहेत. कॉपीराइट कायदा शिक्षकाला सवलत देतो, पण यूट्यूबच्या अटी हा स्वतंत्र करार आहे आणि त्यांनी दिलेल्या बटणाखेरीज व्हिडिओ उतरवायला त्यात मनाई आहे. बटणाने उतरवलेला व्हिडिओ अ‍ॅपमध्येच राहतो, पेन ड्राइव्हवर जात नाही आणि काही काळाने पुन्हा नेट मागतो. व्हिडिओच्या वर्णनात क्रिएटिव्ह कॉमन्सची खूण असेल तर तो बनवणाऱ्याकडेच फाइल मागा. शिक्षक शिक्षकाला सहसा नाही म्हणत नाही.

आमच्या मते पेन ड्राइव्हचा नाद सोडून इंटरनेटशिवाय पाठ दाखवणारे कोलिब्री बसवा. हे खुले सॉफ्टवेअर जुन्या लॅपटॉपवरही चालते. तालुक्याला नेट असेल तिथे हवे ते विभाग एकदा उतरवून घ्या. प्रत्येकाचा आकार आधी दिसतो, त्यामुळे डिस्कवर जागा आहे का ते कळते. शाळेत साधा राउटर लावला की इंटरनेटशिवाय टॅब्लेट लॅपटॉपला जोडले जातात. प्रत्येक साहित्यासोबत परवानाही दिसतो. दीक्षा अ‍ॅपमध्येही पाठ उतरवून ठेवता येतात.

प्रश्न : शाळेने घेतलेल्या अ‍ॅपमध्ये मुलांची नावे, जन्मतारखा आणि आमचे मोबाइल नंबर भरले. आम्हाला कुणी विचारले नाही. हे बरोबर आहे का?
– शाळा व्यवस्थापन समिती सदस्य, ता. आर्णी

उत्तर : नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालची व्यक्ती बालक आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकाची पडताळता येणारी संमती घेण्याची अट त्यात आहे; नोव्हेंबर २०२५ च्या नियमांनुसार ती अठरा महिन्यांनी लागू होते. गुरुजींनी साठ मुलांच्या वतीने ‘आय अ‍ॅग्री’वर टिचकी मारली तर ती पालकांची संमती होत नाही. सरावाच्या बहुतेक अ‍ॅपला खरे नाव लागतही नाही. ‘विद्यार्थी ०१’, ‘विद्यार्थी ०२’ असे भरा आणि कोणता क्रमांक कुणाचा ते हजेरीत ठेवा. आधीच भरलेली माहिती काढून टाकण्याची मागणी मुख्याध्यापकांच्या सहीने कंपनीला ईमेलने करा, आणि समितीच्या पुढच्या सभेत त्याचा ठराव इतिवृत्तात घ्या.