नवं अ‍ॅप आणि आमंत्रणाचं दार: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आम्ही दोघं मित्र द्राक्ष बागायतदारांसाठी अ‍ॅप तयार करतोय. शेतकरी त्यावर बागेचे फोटो टाकतील, छाटणी-फवारणीबद्दल एकमेकांना विचारतील. सुरुवातीला फक्त आमंत्रण असलेल्यांनाच प्रवेश द्यायचा विचार आहे, म्हणजे बाहेर उत्सुकता वाढेल. किती जणांपासून सुरुवात करावी आणि प्रत्येकाला किती आमंत्रणं द्यावीत?
– पिंपळगाव बसवंत

उत्तर: नुसत्या बंद दारानं उत्सुकता वाढत नाही. जीमेल १ एप्रिल २००४ रोजी आलं तेव्हा त्याची आमंत्रणं ईबेवर पैसे देऊन घेतली जात होती. पण आत १ जीबी जागा मिळणार हे बाहेरच्याला पक्कं ठाऊक होतं; त्या काळी इतर मोफत मेलसेवा मोजक्या एमबी देत. शिवाय जीमेलवाला जीमेल नसलेल्यालाही मेल पाठवू शकत होता, त्यामुळे आत एकटा असला तरी त्याचं अडत नव्हतं.

तुमच्या अ‍ॅपवर मात्र एकट्याचं अडणार. गुगल वेव्हचं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. सप्टेंबर २००९च्या अखेरीस सुमारे एक लाख आमंत्रणं निघाली. ते मिळून काम करण्याचं साधन होतं, आणि ज्याच्याबरोबर काम करायचं तो सहकारी बहुतेकदा बाहेरच राहिला. वापरायला ते अवघड होतं, हेही कारण होतंच. ऑगस्ट २०१०मध्ये गुगलनं त्याचं काम थांबवलं.

म्हणून सुटी माणसं बोलावू नका, अख्खा गट बोलावा. एकाच सल्लागाराचा सल्ला घेणारे बागायतदार, एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीचे सभासद, एका शिवारातला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असे ४०-५० जणांचे तीन गट घ्या. सांगलीपासून दिंडोरीपर्यंत विखुरलेल्या हजार जणांपेक्षा हे दीडशे जण जास्त कामाचे. कसोटी एकच: संध्याकाळी टाकलेल्या पानाच्या फोटोला सकाळी फवारणीचा पंप सुरू होण्याआधी जाणत्या माणसाचं उत्तर आलं पाहिजे. त्यासाठी प्रत्येक गटात उत्तरं देणारे चार-पाच अनुभवी बागायतदार आधी तयार करा, मगच बाकीच्यांना आत घ्या.

वेळही बागेच्या हिशेबानं धरा. फळछाटणीनंतरचे पहिले ५०-६० दिवस डाऊनी या बुरशीजन्य रोगाची धास्ती असते आणि प्रश्न त्याच दिवसांत पडतात. म्हणून छाटणीच्या आधी, ऑगस्टच्या मध्यापर्यंत पहिले गट आत रुळलेले असावेत. काढणीच्या धांदलीत सुरुवात केलीत तर कुणाला फोन हातात घ्यायलाही सवड नसेल, आणि ‘इथे कुणीच बोलत नाही’ हे एकदा मनात बसलं की तो माणूस परत आणणं फार कठीण जातं.

आता आमंत्रणांची संख्या. एकाला दिलेली आमंत्रणं गुणिले त्यातली प्रत्यक्ष वापरली जाण्याचं प्रमाण, हा आकडा दर आठवड्याला काढा. समजा ३ आमंत्रणं दिली आणि ४० टक्के वापरली गेली, तर १.२ येतं: २०० जणांमागून २४०, त्यांच्यामागून २८८, वाढ चालू राहते. ५ दिली आणि १५ टक्केच वापरली गेली तर ०.७५. मग २०० नंतर १५०, पुढे साधारण ११२, असं करत सगळं मिळून ८००च्या आसपास थांबतं. अशा वेळी आमंत्रणं वाढवण्याचा मोह होतो. तो टाळा. वीस आमंत्रणं हाती आली की माणूस ती विचार न करता ग्रुपवर टाकतो आणि वापराचं प्रमाण आणखी घसरतं. आल्या दिवशी शून्य आमंत्रणं ठेवा. आठवडाभर टिकून एखाद्या प्रश्नाला उत्तर दिलं की ३ द्या. ज्याला आतलं कळलंय तोच योग्य माणूस निवडतो.

प्रश्न: आमचे कोड लोक सरसकट फॉरवर्ड करतात, काही विकलेही जातात. उपाय काय?
– सातपूर

उत्तर: कोड एकदाच चालणारा हवा आणि दहा दिवसांत बाद व्हावा, न वापरलेला कोड देणाऱ्याच्या खात्यात परत जमा करा. लांबी ८ अक्षरांची ठेवा. शून्य, एक आणि इंग्रजी ओ, आय, एल वगळा, कारण फोनवर सांगताना आणि टाइप करताना घोळ यांचाच होतो. उरलेल्या ३१ चिन्हांतून सुमारे ८५ हजार कोटी कोड बनतात. चारच अक्षरं ठेवलीत तर जेमतेम सव्वानऊ लाख. एखादा प्रोग्राम ते भराभर तपासून चालू कोड शोधून काढेल. लांबी कितीही असो, एका फोनवरून तासाला पाचच चुकीचे प्रयत्न चालू द्या.

विक्री थांबवायची असेल तर कोड मोबाइल नंबरला बांधा: ज्याला बोलवायचं त्याचा नंबर आधी भरायचा आणि त्याच नंबरवर ओटीपी जायचा. मात्र ओटीपीच्या एसएमएससाठी डीएलटीवर (व्यावसायिक मेसेजसाठी टेलिकॉम कंपन्यांची नोंदणी व्यवस्था) संस्थेची, हेडरची (मेसेज पाठवणाऱ्याचं नाव) आणि मजकुराच्या साच्याची मंजुरी आधी लागते. साच्यातला शब्द मागाहून बदललात तर मेसेज अडतो आणि हातात आमंत्रण असलेला माणूस बाहेरच ताटकळतो.

कुणी कुणाला आणलं याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा. बनावट औषधांची जाहिरात करणारं एक खातं सापडलं की ते कुणी आणलं आणि त्यानं पुढे कुणाकुणाला आणलं, ते पाहता येतं. पण अख्खी फांदी एका झटक्यात छाटू नका. खाती एकेक तपासा.

प्रश्न: फेसबुकसारखं एकाच कॉलेजपासून सुरू करायचंय, पण आमच्या कॉलेजात विद्यार्थ्यांना कॉलेजचा ईमेल मिळत नाही. ओळखपत्राचा फोटो मागावा का?
– कॉलेज रोड, नाशिक

उत्तर: मागू नका. ती माहिती सांभाळण्याची जबाबदारी तुमच्यावर येते आणि फोटोत फेरफार करणंही सोपं असतं. फेसबुकनं फेब्रुवारी २००४मध्ये हार्वर्डचा ईमेल असलेल्यांनाच घेतलं, कारण ती ओळख विद्यापीठानं आधीच पटवलेली होती. तुमच्याकडे तेच काम वर्गमित्र करू शकतात: एका विभागातल्या वर्ग प्रतिनिधींना आत घ्या आणि पुढे आतल्या दोघांनी दुजोरा दिला तरच प्रवेश द्या. अकरावी-बारावीची मुलं सध्या नकोत. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांच्या पडताळलेल्या संमतीची अट आहे.

प्रश्न: प्रतीक्षा यादी मोठी झालीय. दार सगळ्यांना कधी उघडावं?
– नाशिक रोड

उत्तर: यादीची लांबी पाहून ठरवू नका. तीन-चार आठवडे थांबलेल्या माणसाला आपण नाव दिलं होतं हेही आठवत नाही. यादीतून क्रमांकानं बोलावण्याऐवजी गावानुसार किंवा ओळखीच्या गटानुसार बोलवा, म्हणजे आल्याबरोबर चार चेहरे ओळखीचे दिसतील.

उघडण्याआधी दोन गोष्टी पाहा. नव्यानं आलेल्या तुकडीतले किती जण चौथ्या आठवड्यातही येतात? हा आकडा प्रत्येक तुकडीगणिक खाली येत असेल तर थांबा. दुसरं, तक्रारी त्याच दिवशी पाहायला माणूस आहे का? दार उघडलं की सगळ्यात आधी स्पॅमवाले येतात.

फार उशीरही घातक. क्लबहाऊस हे आवाजी गप्पांचं अ‍ॅप एप्रिल २०२०मध्ये फक्त आयफोनवर आलं, अँड्रॉइडवर मे २०२१मध्ये, आणि आमंत्रणाची अट जुलै २०२१मध्ये गेली. तोवर ट्विटरनं तशाच गप्पांसाठी स्पेसेस आणलं होतं आणि टाळेबंदीत घरी बसलेले लोक बाहेर पडू लागले होते. ट्विटरसारख्या ब्लूस्कायनं सुमारे वर्षभर आमंत्रणं चालवून ६ फेब्रुवारी २०२४ला दार उघडलं. दरम्यान जुलै २०२३मध्ये मेटाचं तसंच अ‍ॅप थ्रेड्स विनाआमंत्रण येऊन पुढे गेलं होतं.

अँड्रॉइडसाठी आणखी एक: प्ले स्टोअरवर नवं वैयक्तिक डेव्हलपर खातं असेल तर किमान १२ परीक्षकांनी सलग १४ दिवस बंद (निवडक लोकांपुरत्या) चाचणीत राहावं लागतं. हे परीक्षक तुमच्या पहिल्या गटातूनच घ्या आणि बारांऐवजी वीस घ्या, कारण मध्येच दोघा-तिघांनी चाचणी सोडली आणि संख्या बाराखाली गेली तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात.