आयकॉन आधी चौकटीच्या वहीत काढा

प्रश्न : ताई, सेलूला माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्ती, जातीचा दाखला असे फोल्डर डेस्कटॉपवर ठेवलेत. मी बाहेर गेलो की आई बसते. नावं मराठीतच दिलीत, पण बारीक अक्षर तिला चटकन दिसत नाही. म्हणून मोबाइलचे फोटो लहान करून आयकॉन बनवले. पीकविम्याला कपाशीच्या शेताचा, शिष्यवृत्तीला शाळेचा. सगळे नुसते डाग दिसतात. कॅमेरा तर चांगला आहे! – एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : दादा, कॅमेऱ्याचा काही दोष नाही. डेस्कटॉपवरचा साधारण आयकॉन ४८ बाय ४८ ठिपक्यांचा असतो आणि फोल्डरच्या आतल्या यादीत तोच १६ बाय १६ चा होतो, म्हणजे सगळे मिळून २५६ ठिपके. एवढ्यात अख्खं शिवार कसं मावेल? फोटो लहान केला की शेजारशेजारचे रंग एकमेकांत मिसळतात आणि उरतो तो डाग.

शेत सोडा, एक बोंड घ्या. वेचणीला आलेलं, चार फाकांत फुटलेलं, खाली तपकिरी देठ. मुलांची गणिताची चौकटीची वही काढा, ३२ बाय ३२ चा चौकोन आखा आणि एक घर म्हणजे एक ठिपका असं धरून एकेक घर पेन्सिलीनं भरा. कापूस पांढरा, तेव्हा भोवती गडद कड हवीच, नाहीतर फिक्या वॉलपेपरवर बोंड दिसणारच नाही. गोलाई पायऱ्यापायऱ्यांची येईल, येऊ द्या. पैठणला मागावर मोराची मान धागे मोजूनच वळवतात, इथंही तसंच. वही हातभर लांब धरून बघा. बोंड ओळखू आलं तर रंग भरा, नाही आलं तर एखादी रेघ कमी करा. माझा अनुभव असा की वाढवण्यापेक्षा कमी केल्यानंच काम होतं.

ही रीत मला फार प्रिय आहे, कारण १९८४ साली आलेल्या ॲपलच्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरचे आयकॉन डिझायनर सुझन केअर यांनी अशाच चौकटीच्या कागदावर काढले होते. ३२ बाय ३२ घरं, आणि प्रत्येक घर एकतर काळं नाहीतर पांढरं. तेवढ्यात त्यांनी हसरा कॉम्प्युटर काढला, कचऱ्याचा डबा काढला. त्यांच्या वहीची पानं आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहेत. जुन्या विंडोजवर सॉलिटेअर खेळला असाल तर त्यातले पत्तेही त्यांच्याच हातचे.

सातबाऱ्यासाठी दुमडलेल्या कोपऱ्याचा कागद आणि त्यावर मोठा ७ पुरे. ‘सातबारा’ हा शब्द लिहू नका. १६ ठिपक्यांच्या उंचीत शिरोरेखा, काना, वेलांटी एकमेकींत अडकतात. शिष्यवृत्तीला दप्तर, दाखल्याला गोल शिक्का. चारही चित्रांचा बाह्याकार वेगळा ठेवा आणि मुख्य रंगही वेगळा. आईंची नजर आधी त्यावरच जाईल. आणि आयकॉनच्या जागा बदलू नका. हाताला जागेची सवय लागते.

वहीतलं चित्र कॉम्प्युटरवर आयकॉन काढायच्या प्रोग्रॅममध्ये घरामागे एक ठिपका असं उतरवा. लावताना फाइल आयसीओ (.ico) या आयकॉनच्या खास प्रकारातच सेव्ह करा, पीएनजी हा चित्रांचा नेहमीचा प्रकार चालत नाही. एका आयसीओ फाइलमध्ये १६, ३२, ४८ आणि २५६ अशी सगळी मापं ठेवता येतात. १६ चं चित्र मोठ्यावरून आपोआप लहान करू नका, वेगळं काढा. त्यात बोंडाच्या दोनच फाका दाखवल्या तरी भागतं. मग फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कस्टमाइज, चेंज आयकॉन. आयकॉनच्या फाइली पेनड्राइव्हवर ठेवू नका. पेनड्राइव्ह काढला की फोल्डरला पुन्हा पिवळा चेहरा येतो.

प्रश्न : फ्लॉपी कधीच गेली, तरी सेव्हच्या बटणावर तीच का? – एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : कारण तो आकार आता फ्लॉपीचा राहिलेलाच नाही, तो ‘सेव्ह’चा झालाय. तुमच्या पिढीनं फ्लॉपी हातात घेतलेली नाही, तरी बोट बरोबर तिथंच जातं. शिवाय कापलेला कोपरा, वरची धातूची पट्टी, खालचं लेबल, एवढ्यावर ती १६ ठिपक्यांतही ओळखू येते. इतका स्पष्ट पर्याय मला तरी अजून दिसलेला नाही. कॉलेजच्या प्रोजेक्टला ॲप बनवत असाल तर बिनधास्त तोच वापरा.