टाकी त्यांच्या जागेत, पाणी आमच्या विहिरीत

प्रश्न : आमचं गाव कुडाळ तालुक्यात. चुलतदिरांनी आमच्या विहिरीच्या वरच्या अंगाला होमस्टे बांधला. संडासाची टाकी आणि शोषखड्डा विहिरीपासून नऊ-दहा मीटरवर आहे. दोन पावसाळे झाले, आषाढात पाण्याला वास येतो आणि मुलांना जुलाब होतात. दिवाळीनंतर पाणी पुन्हा बरं होतं. ते म्हणतात, 'ग्रामपंचायतीची परवानगी आहे, खड्डा माझ्या जागेत आहे.' पोलिसांनी दिवाणी बाब म्हणून परत पाठवलं. काय करू?

उत्तर : ताई, आधी ते पाणी प्यायचं बंद करा. स्वयंपाकालाही दुसरीकडचं आणा. कोर्टाचं काम सावकाश चालेल, मुलांची पोटं थांबणार नाहीत.

'जागा माझी' हे उत्तर कायद्यात टिकत नाही. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात, ज्याला आम्ही वकील इझमेंट ॲक्ट म्हणतो, कलम 7 खाली उदाहरणं दिली आहेत. जमिनीतून पाझरत येणारं पाणी आपल्या हद्दीत पोचण्याआधी दुसऱ्याने गैरवाजवीपणे दूषित करू नये, हा प्रत्येक जमीनमालकाचा हक्क आहे असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. इंग्लंडमध्ये 1885 सालीच बॅलार्ड विरुद्ध टॉमलिन्सन या खटल्यात एकाने आपल्याच जुन्या विहिरीत मैला सोडला आणि शेजारच्या विहिरीचं पाणी नासलं. भूगर्भातलं पाणी कुणा एकाच्या मालकीचं नसलं तरी ते नासवायचा हक्कही कुणाला नाही, असं अपील कोर्टाने ठरवलं. ग्रामपंचायतीची परवानगी बांधकामाची असते. तुमची विहीर घाण करायची मुभा त्यात येत नाही.

आता खड्ड्याबद्दल, कारण तुमचा दावा तिथेच उभा राहणार आहे. टाकीत गाळ खाली बसून थोडाफार कुजतो, एवढंच. बाहेर पडणारं पाणी रोगजंतूंसकट असतं, ते शुद्ध व्हायचं ते खड्ड्याखालच्या कोरड्या मातीत. कोकणातल्या जांभ्या दगडात भोकं आणि भेगा असतात आणि पावसाळ्यात पाण्याची पातळी वर येते. खड्ड्याचा तळ पाण्यातच बुडाला तर मैलापाणी न गाळताच विहिरीकडे जातं. दिवाळीनंतर पातळी उतरते, पाणी सुधारतं ते बहुधा याचमुळे. आय.एस. 2470 हे भारतीय मानक शोषणव्यवस्था, म्हणजे शोषखड्डा किंवा चर, पिण्याच्या पाण्यापासून 18 मीटर लांब ठेवायला सांगतं. भूजल जमिनीखाली 180 सेंटिमीटरच्या आत असेल तर साधा खड्डा न घेता पाणी जिरवायचा चर जमिनीच्या वर, भराव घालून करावा, असंही त्यात आहे.

म्हणून पुरावा याच पावसात गोळा करा. मार्चमध्ये नमुना घेतलात तर तो स्वच्छ निघेल आणि समोरचा वकील तोच कोर्टापुढे ठेवेल. विहिरीचं पाणी जिल्हा प्रयोगशाळेत द्या आणि ई-कोलाय (विष्ठेतले जंतू) व नायट्रेट दोन्ही तपासायला सांगा. पिण्याच्या पाण्यात 100 मिलिलिटरला ई-कोलाय एकही चालत नाही. नमुना घेताना ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक हजर असू द्या, आधी आठवडाभर विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकू नका. मुलांची औषधांची कागदपत्रं जपून ठेवा.

आणि तुमची स्वतःची टाकी कुठे आहे? पत्रात त्याबद्दल काहीच नाही. ती विहिरीजवळ असेल तर पहिला आरोप तुमच्यावरच येईल. स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम 41 प्रमाणे वादीचं स्वतःचं वागणं नीट नसेल तर मनाई हुकूम नाकारता येतो. दावा लावण्याआधी ती तपासून दुरुस्त करा.

मग वकिलामार्फत नोटीस द्या. गप्प बसू नका, संमती होती असा अर्थ निघू शकतो. नोटिशीने काम झालं नाही तर कुडाळच्या दिवाणी न्यायालयात दावा आणि सोबत तात्पुरत्या मनाईचा अर्ज. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 26, नियम 9 खाली कोर्ट कमिशनर मागा, म्हणजे जागेची पाहणी करून कोर्टाला अहवाल देणारा माणूस. त्याच्यासमोर टाकीत रंग सोडून तो विहिरीत उतरतो का पाहता आलं तर प्रश्नच मिटतो. फौजदारीमागे धावू नका. भारतीय न्याय संहितेतलं पाणी घाण करण्याचं कलम सार्वजनिक झऱ्या-जलाशयांपुरतं आहे, तुमची विहीर त्यात बसत नाही.

मागणी मात्र 'संडास पाडा' अशी लिहू नका. कोर्ट ती सहसा देत नाही, आणि भावकीत तेढ वाढते. 'टाकी गळकी नको, शोषखड्डा बंद करून भरावावरचा चर विहिरीपासून 18 मीटरपलीकडे घ्या, तोवर होमस्टे बंद' अशी मागा. हीच मागणी तडजोडीतही चालेल. तडजोडनाम्यात एक अट वाढवा : दर दोन-तीन वर्षांनी टाकी व्हॅक्यूम टँकरनेच उपसायची, खर्च त्यांचा. सुरक्षासाधनांशिवाय टाकी साफ करायला माणूस उतरवणं हाताने मैला उपसण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि आतल्या वायूने माणसं जागीच मरतात.